मातीवरची एक लुप्त टेनिस-स्पर्धा : इ. स. १९७३ ते १९७९

१. विषयप्रवेश

इतिहास म्हटला म्हणजे राजवटी, मोहिमा, तह आणि सनदा यांचीच आठवण प्रथम होते, व तें स्वाभाविकहि आहे. परंतु एखादा समाज वर्षांतून एकदां कोठें जमतो, कोणास आमंत्रण धाडतो, कोणाचें कौतुक करतो आणि आपला पाहुणा कोणत्या जमिनीवर उभा करतो, यांवरूनहि त्या समाजाची ओळख पटते. जत्रा, उरूस व कुस्त्यांचे फड यांकडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें जातें तें यासाठींच. अर्वाचीन काळांतील खेळांच्या मोठ्या स्पर्धा ह्या त्याच जातीच्या वस्तु होत, आणि त्यांचा विचारहि त्याच कसोटीवर झाला पाहिजे.

प्रस्तुत लेखांत अशाच एका स्पर्धेचा वृत्तांत देण्याचें योजिलें आहे. इ. स. १९७३ पासून १९७९ पर्यंत भारतांत पुरुषांची एक आंतरराष्ट्रीय टेनिस-स्पर्धा भरत असे. तिला कोणी इंडियन ओपन म्हणत, कोणी भारतीय ग्रां प्री म्हणत. जगांतील नामांकित स्पर्धांची जी ग्रां प्री नांवाची मालिका त्या काळीं चालत होती, तिची ही एक कडी होती. सात वर्षांत ती चार शहरें फिरली. त्यांपैकीं तीन वेळां ती मुंबईंत भरली, आणि मुंबईच्या तिन्ही खेपांस खेळ मातीच्या मैदानावर झाला. १९७९ नंतर ती पुनः भरली नाहीं.

अशा स्पर्धेच्या लोपाचें कारण विचारलें असतां बहुतेक लोक पैशाकडे बोट दाखवितात. पैसा लागतोच, परंतु आम्हांस त्याहून खोल असें एक कारण दिसतें. ह्या स्पर्धेला स्वतःचें स्थळ नव्हतें, जगाच्या खेळाच्या पंचांगांत अर्थपूर्ण अशी तिथि नव्हती, आणि ती भरविण्याचा मान कोणत्याहि एका गांवाचा नव्हता. ज्या उत्सवाजवळ ह्या तीन गोष्टी नाहींत, तो कितीहि थाटाचा असला तरी त्याची मुळें धरत नाहींत. हें विधान पुढील विवेचनांत सिद्ध करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

२. ‘हार्ड कोर्ट’ या शब्दाविषयीं

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वीं एका शब्दाचा उलगडा केला पाहिजे. कारण जुनीं वर्तमानपत्रें व क्लबांचीं दप्तरें चाळणारा अभ्यासक तेथेंच प्रथम अडखळतो. आज हार्ड कोर्ट म्हटलें म्हणजे सिमेंट अथवा डांबर यांच्या पायावर रंगीत लेप दिलेलें मैदान असा अर्थ होतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मात्र इंग्रजी वहिवाटींत हार्ड कोर्ट म्हणजे हिरवळ नसलेलें मैदान असा अर्थ असे, आणि व्यवहारांत तें बहुधा मातीचें किंवा विटेच्या भुकटीचेंच असे. जुन्या बातम्यांतील हार्ड कोर्ट आजच्या अर्थानें घेतल्यास सर्व हिशेब चुकतो.

पॅरिस येथें इ. स. १९१२ मध्यें जागतिक हार्ड कोर्ट अजिंक्यपदाची स्पर्धा सुरू झाली, ती याच जुन्या अर्थानें; म्हणजे ती मातीवरची स्पर्धा होती. १९१३ सालीं पॅरिसलाच आंतरराष्ट्रीय लॉन टेनिस संघ स्थापन झाला व त्यानें हिरवळ, माती आणि आच्छादित मैदान अशीं तीन जागतिक अजिंक्यपदें मान्य केलीं. महायुद्धाच्या वर्षांचा खंड व १९२२ सालची ब्रुसेल्सची खेप वगळतां मातीची स्पर्धा १९२३ पर्यंत पॅरिसनजीक सेंट क्लाऊड येथील स्ताद फ्रांसे या क्लबाच्या मैदानांवर होत असे. १९२३ नंतर ती बंद झाली. परंतु दोनच वर्षांनीं, १९२५ मध्यें, फ्रान्सची राष्ट्रीय स्पर्धा परदेशी खेळाडूंस खुली करण्यांत आली, आणि ती त्याच क्लबाच्या मैदानांवर भरली. पुढें १९२८ सालीं रोलां गारो हें मैदान बांधलें गेलें व ती स्पर्धा तेथें कायमची नांदूं लागली. तात्पर्य, पॅरिसमध्यें एका स्पर्धेचें नांव गेलें तरी जागा व वहिवाट राहिली, आणि त्या जागेवर दुसरी स्पर्धा उगवली. हा दाखला आम्हांस पुढें उपयोगी पडेल.

३. मुरूम, काळी माती व विटेची भुकटी

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हें गांव लागतें. ह्या टापूंत गोदावरीच्या खोऱ्यांतील काळी जमीन दूरवर पसरलेली आहे. ती कापसाला व ज्वारीला उत्तम. टेनिसच्या मैदानास मात्र तितकीच प्रतिकूल. पावसाळ्यांत ती पाणी पिऊन फुगते, आणि उन्हाळ्यांत वाळली म्हणजे तिला हात जाईल अशा भेगा पडतात. चेंडू सर्वत्र सारखा उसळावा ही टेनिसची पहिली अट होय. ती भेगाळलेल्या जमिनीवर पुरी होणें शक्य नाहीं. म्हणून काळ्या रानांत टेनिसचें मैदान करावयाचें तर वरची माती खणून काढावी लागते, तळाशीं दगडगोट्यांचा थर घालावा लागतो, आणि त्यावर मुरूम आणून पसरावा लागतो. वरचा मुरूम चाळणीनें चाळून बारीक करावयाचा, पाणी मारावयाचें, रूळ फिरवावयाचा, आणि हें कित्येक दिवस चालवावयाचें. भारतांत अनेक ठिकाणीं यावर शेणकाल्याचा पातळ हात देण्याची रीत होती. त्यामुळें धूळ बसते व पृष्ठभाग बांधला जातो. घरोघरचें सारवण ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस ही रीत समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

येथें एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. दख्खनचा जो काळा फत्तर, ज्यास भूगर्भशास्त्रज्ञ बेसॉल्ट म्हणतात, तो ऊन-पावसानें झिजला म्हणजे त्याचा मुरूम होतो, आणि झीज पुढें चालू राहिली म्हणजे काळी माती होते. मुरूम व काळी माती हीं एकाच दगडाचीं लेकरें होत; एकावर चेंडू उसळतो, दुसऱ्यावर कापूस पिकतो. युरोपांत मातीचें मैदान म्हणतात तें वस्तुतः विटेच्या भुकटीचें असतें. चुनखडी व खडी यांच्या पक्क्या थरांवर तांबड्या भुकटीचा अगदीं पातळ पदर असतो. अमेरिकेंत हिरवट रंगाचीं जीं मातीचीं मैदानें असतात, तीं बेसॉल्टचेंच रूपांतर होऊन झालेल्या खडकाच्या भुकटीचीं असतात. म्हणजे आपला मुरूम व अमेरिकेंतील ती भुकटी यांचें कूळ एकच निघतें. न्यूयॉर्कमधील फॉरेस्ट हिल्स येथें १९७५ ते १९७७ या तीन सालीं अमेरिकेची खुली स्पर्धा अशाच मैदानांवर झाली, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

मातीचा खेळावर होणारा परिणामहि सांगितला पाहिजे. हिरवळीवर चेंडू सरपटत व वेगानें जातो, म्हणून तेथें जोरदार सर्व्हिस करून जाळ्याकडे धांवणारा खेळाडू फावतो. मातीवर चेंडूचा वेग मोडतो व उसळी उंच होते; एकेका गुणासाठीं चेंडू पुष्कळ वेळां इकडून तिकडे जातो. तेथें दम, धीर आणि डाव रचण्याची बुद्धि यांस मोल येतें. चेंडू टेकल्याची खूणहि मातीवर उमटते. तंटा पडल्यास जमीनच साक्ष देते.

४. पूर्वपीठिका

मेजर वॉल्टर क्लॉप्टन विंगफील्ड यानें लॉन टेनिसचें पेटंट १८७४ सालीं घेतलें, व विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ सालीं झाली. त्यानंतर थोड्याच काळांत हा खेळ इंग्रज अंमलदारांबरोबर भारतांत रुजला. लाहोर येथें पंजाबची स्पर्धा १८८५ मध्यें, कलकत्त्यास बंगालची स्पर्धा १८८७ मध्यें, आणि अलाहाबादेस अखिल भारतीय स्पर्धा १९१० मध्यें सुरू झाली. अखिल भारतीय लॉन टेनिस संघ १९२० सालीं स्थापन झाला व पुढच्याच वर्षीं भारताचा संघ डेव्हिस चषकासाठीं प्रथम उतरला. त्या वर्षीं पॅरिस येथें भारतानें फ्रान्सचा पराभव केला, ही त्या काळच्या मानानें मोठीच गोष्ट होती.

आपल्या प्रांतांतहि हा खेळ केवळ साहेबांच्या जिमखान्यापुरता राहिला नाहीं. पुण्यास १९०६ सालीं डेक्कन जिमखान्याची स्थापना झाली व आपल्या लोकांस अशा खेळांचें हक्काचें ठिकाण मिळालें. वेदवाङ्मयाचे विख्यात संशोधक शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या पंडिता क्षमाबाई राव ह्या संस्कृत ग्रंथकर्त्या म्हणून सर्वांस माहीत आहेत. त्या टेनिसमध्यें तितक्याच निष्णात होत्या, हें मात्र फार थोड्यांच्या लक्षांत असतें. त्यांच्या कन्या लीला राव यांनीं १९३४ सालीं विम्बल्डन येथें सामना जिंकला; तेथें सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. पांच वर्षांनीं, १९३९ मध्यें, गौस महंमद यांनीं विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली. रामनाथन कृष्णन हे १९६० व १९६१ अशीं लागोपाठ दोन वर्षें तेथें उपांत्य फेरींत पोंचले, आणि १९६६ मध्यें भारतीय संघ डेव्हिस चषकाच्या निर्णायक झुंजीसाठीं मेलबर्नला जाऊन खेळला.

ह्या यशांकडे बारकाईनें पाहिलें असतां एक विसंगति नजरेस येते. विम्बल्डन हिरवळीवर, मेलबर्न हिरवळीवर, आणि भारतांतील प्रतिष्ठेचे सामने ज्या कलकत्त्याच्या साउथ क्लबावर होत तींहि हिरवळीचींच मैदानें. परंतु देशांतील कित्येक जिमखान्यांत, शाळा-कॉलेजांत व जिल्ह्याच्या गांवच्या क्लबांत जीं मैदानें होतीं तीं मुरमाचीं व शेणाचा हात दिलेलीं. हिरवळ राखण्यास पाणी, माणसें व पैसा बारमाही लागतो. तो थोड्या संस्थांजवळच होता. म्हणजे सामान्य खेळाडू मातीवर शिके, आणि त्याचें मोठेपण मात्र हिरवळीवर मोजलें जाई. मातीवरच्या खेळास आपल्या देशांत मोठें आंतरराष्ट्रीय व्यासपीठ लाभावें, हें यासाठींच महत्त्वाचें होतें.

इ. स. १९६८ मध्यें टेनिसच्या व्यवहारांत क्रांति झाली. तोंवर मोठ्या स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंपुरत्या असत. धंदेवाईक खेळाडूंस त्यांत मज्जाव होता. तो मज्जाव १९६८ च्या एप्रिलमध्यें इंग्लंडांतील बोर्नमथ येथें प्रथम उठला. ती ब्रिटिश हार्ड कोर्ट स्पर्धा होती, अर्थात् मातीवरची. तींत केन रोझवॉल यांनीं रॉड लेव्हर यांस हरवून पहिलें खुलें विजेतेपद मिळविलें. पुढें जॅक क्रेमर यांच्या कल्पनेनुसार १९७० सालीं ग्रां प्री मालिका सुरू झाली. वर्षभर निरनिराळ्या देशांत स्पर्धा व्हाव्या, प्रत्येक ठिकाणच्या यशाबद्दल गुण मिळावे, आणि वर्षाखेर सर्वांत अधिक गुण मिळविणाऱ्या मोजक्या खेळाडूंनीं मास्टर्स नांवाची अंतिम स्पर्धा खेळावी, अशी ती योजना होती. ह्या मालिकेंत १९७३ सालीं भारतास स्थान मिळालें, आणि तेथून आपल्या विषयास आरंभ होतो.

५. सात खेपांचा वृत्तांत

पहिली खेप १९७३ मध्यें दिल्लीस झाली, ती हिरवळीवर. अंतिम सामन्यांत मद्रासचे विजय अमृतराज यांनीं ऑस्ट्रेलियाचे मॅल अँडरसन यांस हरविलें. सामना पांच सेटांपर्यंत गेला. अमृतराज त्या वेळीं एकोणीस वर्षांचे होते. त्याच वर्षीं ते विम्बल्डन व अमेरिकेची खुली स्पर्धा या दोन्ही ठिकाणीं उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोंचले होते, आणि अमेरिकेंतील ब्रेटन वुड्स येथें मातीवर झालेली स्पर्धा जिमी कॉनर्स यांस अंतिम सामन्यांत हरवून त्यांनीं जिंकली होती. हिरवळीवर वाढलेला भारतीय खेळाडू मातीवर टिकत नाहीं, ह्या समजुतीस हें चोख उत्तर होतें.

दुसऱ्या वर्षीं, १९७४ मध्यें, स्पर्धा मुंबईस आली व मैदान मातीचें झालें. हें वर्ष भारतीय टेनिसमध्यें संस्मरणीय आहे. त्या सप्टेंबरांत पुणें येथें भारतानें सोव्हिएट संघाचा पराभव करून डेव्हिस चषकाची अंतिम फेरी गांठली. परंतु समोर दक्षिण आफ्रिका आल्यामुळें, तेथील वर्णविद्वेषाच्या निषेधार्थ, भारतानें अंतिम सामना खेळण्यास नकार दिला. चषकावर पाणी सोडून तत्त्व राखलें गेलें. अशा वर्षीं मुंबईंत झालेल्या स्पर्धेंत न्यूझीलंडचे ओनी परून यांनीं ऑस्ट्रेलियाचे टोनी रोश यांस सरळ सेटांत हरविलें. रोश यांनीं १९६६ सालीं पॅरिस येथें मातीवरचें विजेतेपद मिळविलें होतें; परून हे १९७३ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेंत अंतिम सामना खेळले होते. पाहुण्यांचा दर्जा यावरून कळून येईल.

तिसरी खेप १९७५ मध्यें कलकत्त्यास झाली, आणि आमच्या मतें सातांमध्यें तीच सर्वांत मोलाची होय. अंतिम सामन्यांत अमृतराज यांच्यापुढें स्पेनचे मान्युएल ओरांतेस होते. त्याच वर्षीं फॉरेस्ट हिल्सच्या नव्या मातीवर कॉनर्स यांस तीन सरळ सेटांत नमवून ओरांतेस अमेरिकेचे अजिंक्यवीर झाले होते. त्यांस अमृतराज यांनीं ७–५, ६–३ असें हरविलें. अमेरिकेच्या गादीवर बसलेला खेळाडू भारतांत येऊन भारतीयाकडून हरला, ही घटना एरवीं पिढ्यान् पिढ्या सांगितली जावयाची.

चौथी खेप १९७६ मध्यें बंगलोरास झाली. तींत ऑस्ट्रेलियाचे किम वॉरविक यांनीं भारताचे शशी मेनन यांस हरविलें. १९७७ सालीं स्पर्धा पुनः मुंबईस आली. अमृतराज यांनीं सोव्हिएट जॉर्जियाचे तैमुराझ काकुलिया यांस हरवून ती जिंकली. १९७८ मध्यें ती दुसऱ्यांदा कलकत्त्यास गेली. तेथें यानिक नोआ हा अठरा वर्षांचा फ्रेंच युवक आपला देशबंधु पास्काल पोर्त यास हरवून विजयी झाला. पांच वर्षांनीं, १९८३ मध्यें, ह्याच नोआनें पॅरिसचें विजेतेपद मिळवून फ्रान्सभर जल्लोष उसळविला. शेवटची खेप १९७९ मध्यें मुंबईस झाली, व तींत अमृतराज यांनीं जर्मनीचे पीटर एल्टर यांचा पराभव केला.

हा तक्ता एकत्र पाहिला असतां दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. पहिली अशी कीं, विषम सालीं, म्हणजे १९७३, १९७५, १९७७ व १९७९ या चारहि वेळां, विजेतेपद अमृतराज यांचेंच. सम सालीं तें परदेशीं गेलें. सातांपैकीं पांच अंतिम सामन्यांत भारतीय खेळाडू होता. ज्या स्पर्धेंत यजमान इतक्या वेळां उभा राहतो ती लोकांस आपली वाटावी, हें उघड आहे. दुसरी गोष्ट अशी कीं, लागोपाठ दोन वर्षें ही स्पर्धा कोणत्याहि एका शहरीं भरली नाहीं. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, बंगलोर, मुंबई, कलकत्ता, मुंबई, असा तिचा प्रवास आहे. जिंकणारा घरचा होता, स्पर्धेला मात्र घर नव्हतें.

६. लोपाची मीमांसा

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. परभणीस सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दर वर्षीं फेब्रुवारीच्या आरंभीं भरतो. नांदेड जिल्ह्यांत माळेगांवास खंडोबाची जत्रा मार्गशीर्षांत भरते, व तेथें घोड्यांचा मोठा बाजार होतो. कोणाहि शेतकऱ्यास, व्यापाऱ्यास वा पहिलवानास ह्या जत्रा कोठें व केव्हां हें विचारावें लागत नाहीं. अशा जत्रांच्या टिकण्याचें रहस्य तीन गोष्टींत आहे : स्थळ ठरलेलें, तिथि ठरलेली, आणि मान ठरलेला. मानाची काठी कोणाची, पालखीस खांदा कोणाचा, पहिला विडा कोणाचा, यांवरून झालेले कज्जे जुन्या महजरांत पाहावयास सांपडतात. ते वाचतांना आपणांस हंसूं येतें; परंतु ज्या वस्तूबद्दल लोक भांडतात तिच्याबद्दल त्यांस ममत्व असतें, हें त्यांवरूनच सिद्ध होतें.

ह्या कसोट्या आपल्या स्पर्धेस लावून पाहूं. स्थळाविषयीं वर सांगितलेंच आहे. मातीच्या मैदानास स्थिर स्थळ विशेष लागतें. कारण तें मैदान एका वर्षांत उत्तम होत नाहीं. पावसाळ्यांत धुऊन गेलेला थर दसऱ्याच्या सुमारास पुनः चढवावयाचा, त्यांत कोठें पाणी साचतें व कोठें चेंडू मरतो हें ध्यानांत घेऊन पुढील वर्षीं दुरुस्ती करावयाची, अशा वहिवाटीनेंच तें सुधारत जातें. हें ज्ञान क्लबांतील माळ्यांच्या हातांत असतें. स्पर्धा वर्षाआड दुसऱ्या शहरीं गेली म्हणजे तें साठत नाहीं.

तिथीविषयीं पाहतां, स्पर्धा वर्षाच्या अखेरीस, पाऊस संपल्यावर भरे. आपल्या हवामानास हा काळ सर्वांत अनुकूल. परंतु जागतिक पंचांगांत मातीचा हंगाम एप्रिल ते जून हा असतो व त्याचा कळस पॅरिस येथें होतो. वर्षाखेरीस युरोपांत स्टॉकहोमसारख्या ठिकाणीं छपराखालचे सामने चालत. ऑस्ट्रेलियाची खुली स्पर्धा १९७७ पासून डिसेंबरांत होऊं लागली, ती हिरवळीवर. मातीवरच ज्यांचा हातखंडा, त्यांस त्याच सुमारास ब्यूनोस आयरेसची स्पर्धा मोकळी होती, आणि तेथें गिलेर्मो विलास यांच्यासारखा स्थानिक वीर होता. म्हणजे मुंबईच्या मातीवर वर्षाखेर खेळणें हें परदेशी खेळाडूच्या दृष्टीनें पुढच्या कोणत्याहि मोठ्या सामन्याची पूर्वतयारी होत नव्हतें. तो येई तो गुणांसाठीं व बक्षिसासाठीं; आणि तीं दुसरीकडे मिळालीं कीं येण्याचें प्रयोजन उरत नसे. हें आमचें अनुमान आहे. परंतु पंचांग मांडून पाहणारास तें मान्य होईल असें वाटतें.

तिसरी गोष्ट मानाची. ग्रां प्री मालिकेंतील स्थान हें इनाम नव्हे. फार तर तो मक्ता होता. मालिका चालविणाऱ्या मंडळाच्या मंजुरीनें तो मिळे, व देशांत कोणतें शहर निवडावयाचें हें प्रत्येक वेळीं नव्यानें ठरे. मक्त्यानें घेतलेल्या शेतांत कोणी विहीर खणत नाहीं, ही आपल्याकडील जुनी समजूत येथेंहि लागू पडते.

याउलट दाखला रोमचा आहे. इटलीची मातीवरची स्पर्धा १९३० सालीं मिलान येथें सुरू झाली व १९३५ मध्यें रोमच्या फोरो इटालिको मैदानांत आली. नंतर राजकारण व महायुद्ध यांमुळें १९३६ ते १९४९ अशीं चौदा वर्षें ती भरलीच नाहीं. तरी १९५० सालीं ती त्याच मैदानांत पुनः उभी राहिली, आणि आज ती जगांतील मातीवरच्या अग्रगण्य स्पर्धांपैकीं एक आहे. चौदा वर्षांचा खंड जिनें पचविला तिचें बळ केवळ पैशांत नव्हतें. जागा वाट पाहत होती. ब्यूनोस आयरेस येथेंहि जुन्या लॉन टेनिस क्लबाच्या मैदानांवर आज दर फेब्रुवारींत मातीवरची स्पर्धा होते. आपल्याकडे सात वर्षांनंतर जो खंड पडला तो पडलाच. कारण कोणतेंहि एक मैदान तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलें नव्हतें.

७. उत्तरवृत्त व निष्कर्ष

ग्रां प्री मालिका १९८९ अखेर संपली व १९९० पासून तिची जागा एटीपी दौऱ्यानें घेतली. त्या दौऱ्यांतील स्पर्धा भारतांत प्रथम १९९६ सालीं दिल्लीस झाली, १९९७ मध्यें चेन्नईस गेली आणि तेथें २०१७ पर्यंत राहिली. २०१८ मध्यें ती पुण्याजवळ बालेवाडीस आली. तेथें २०१८, २०१९, २०२०, २०२२ व २०२३ अशा पांच खेपा झाल्या. २०२१ सालीं ती भरली नाहीं. त्यानंतर तें स्थान हाँगकाँगकडे गेलें व २०२४ पासून स्पर्धा तेथें भरूं लागली. हीं सर्व मैदानें आजच्या अर्थानें हार्ड कोर्ट, म्हणजे सिमेंटच्या जातीचीं. १९७९ च्या मुंबईनंतर त्या दर्जाची पुरुषांची स्पर्धा भारताच्या मातीवर झालेली नाहीं.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, चेन्नईस तर स्थळ होतें, बहुतेक वर्षें जानेवारीचा आरंभ ही तिथिहि होती, आणि लोकांचें प्रेमहि होतें. मग ती स्पर्धा कां गेली? हा आक्षेप योग्य आहे, व तोच आमच्या विधानास पूर्णता आणतो. चेन्नईजवळ पहिल्या दोन गोष्टी होत्या, तिसरी नव्हती. स्पर्धा भरविण्याचा हक्क हा विकतां, भाड्यानें देतां व हलवितां येणारा जिन्नस होता. तो गांवाच्या नांवें लागलेला नव्हता. म्हणून दोन दशकांची वहिवाट असूनहि जत्रा उठली आणि दुसऱ्या गांवीं गेली. स्थळ व तिथि यांनीं स्पर्धेस स्मृति लाभते. मान जवळ असला तरच ती टिकते.

मातीच्या बाबतींत आपलें नुकसान याहून अधिक झालें आहे. ज्या देशांत हजारों मुलांनीं चेंडू प्रथम मारला तो मुरमावर, त्या देशांतील मोठी स्पर्धा सात वर्षें मातीच्या उंबरठ्यावर आली आणि परत फिरली. ती मुंबईस एकाच मैदानावर वीस वर्षें टिकती, तर मुरूम चाळणाऱ्या माळ्याच्या कसबास शास्त्राचें रूप आलें असतें, आणि मातीवर खेळणें हें गरिबीचें लक्षण न ठरतां विद्येचें लक्षण ठरलें असतें. अमृतराज यांचीं चार विजेतेपदें त्यांच्या नांवावर नोंदलेलीं आहेत व राहतील. परंतु तीं ज्या जमिनीवर मिळालीं तिचा वारसा कोणासच मिळाला नाहीं.

शेवटीं अभ्यासकांस व जिमखान्यांच्या चालकांस एक विनंति करून हा लेख संपवितों. विजेत्यांचीं नांवें तक्त्यांतून राहतात. मैदान कोणी बांधलें, मुरूम कोणत्या खाणीचा, रूळ कोणी फिरविला, चुन्याची फक्की कोणी मारली, खेळाडूंची उजळणी करून देणारे मार्कर कोण, हें तक्त्यांत येत नाहीं. हीं माणसें वयोवृद्ध झालीं आहेत. क्लबांचीं जुनीं इतिवृत्तें, जमाखर्चाच्या वह्या व छायाचित्रें वाळवीच्या तोंडीं जाण्यापूर्वीं तीं एकत्र करावीं, आणि ह्या माणसांच्या आठवणी लिहून घ्याव्या. गांवोगांवच्या वतनांचे कागद ज्या निष्ठेनें आपण जमविले, त्याच निष्ठेस हें कामहि पात्र आहे.